देवरे सरांची दोन सिटांची गाडी

लाल रंगाची ती स्पोर्ट्स कार गल्लीत आली, आणि देवरे सर रोज सकाळी न चुकता तिच्यात जाऊन बसायला लागले. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली यायचे, गाडीवरचं कापड काढून त्याची नीट घडी करायचे, दार उघडायचे आणि आत बसायचे. डावीकडे. स्टिअरिंग उजवीकडे, त्याच्यामागे कोणी नाही. सर डावीकडून समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडे टक लावून बघत राहायचे. अधूनमधून त्यांचा उजवा पाय गाडीच्या तळावर खाडकन आपटायचा. भिंत काही जागची हलत नव्हती, पण सरांना ती अंगावर येताना दिसत असावी. मग घाम पुसत ते बाहेर यायचे, कापड घालायचे आणि चहा प्यायला वर जायचे.

गल्लीतले लोक हसायचे. एवढी गाडी घ्यायची, ती चालवायची नाही, वर भलत्याच बाजूला बसायचं. मीही हसले. पण सर तिथेच का बसतात, हे मला ठाऊक होतं, कारण मी त्यांची विद्यार्थिनी.

सरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. जन्मभर ते शिकाऊ माणसाच्या डाव्या हाताला बसले. त्या बाजूला त्यांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा ब्रेक आणि स्वतःचा क्लच असायचा. चौऱ्याण्णव साली मी शिकायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "घाबरू नका मॅडम, ब्रेक माझ्याकडे आहे." हे वाक्य ते अशा आवाजात म्हणायचे की न घाबरलेला माणूसही घाबरून जावा. मग रस्ताभर त्यांचं धावतं वर्णन चालायचं. "तो सायकलवाला बघा. आता वळणार. हात दाखवणार नाही. कशाला दाखवेल, त्याला मरायचंय." "ती आजी बघा. अर्ध्यात जाईल आणि परत फिरेल." आजी खरंच अर्ध्यातून परत फिरायची. "सगळे मरायलाच निघालेत मॅडम, आपण फक्त मधे यायचं नाही."

मी एकदा विचारलं होतं, "सर, इतकी वर्षं शिकवताय, तरी तुम्हाला एवढी भीती कशी वाटते?"

"ह्या गावात गाड्या चालवणारे निम्मे लोक मी शिकवलेत," ते म्हणाले. "मला नाही वाटणार तर कोणाला वाटेल?"

त्यांचा तो ब्रेकवाला पाय घरीही स्वस्थ नसायचा. टीव्हीवर गाडी जोरात निघाली की टीपॉय हलायचा. कटिंगच्या खुर्चीत वस्तरा गळ्याशी आला की पाय दाबला जायचा आणि न्हावी दचकायचा. त्यांच्या उजव्या चपलेचा तळ डावीच्या कितीतरी आधी झिजायचा.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत. ते मूळचे सटाण्याकडचे, त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं, माहेरही तिकडचंच. सणाला, लग्नाला, बारशाला सटाण्याला जायचं ठरलं की सर एखादा विद्यार्थी गाठायचे. "हायवेची प्रॅक्टिस करायचीय ना? रविवारी या." तो बिचारा गाडी चालवायचा, सर डावीकडे ब्रेकवर, आणि काकू मागे, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन. मुलीचं सासर बघायलाही हे असेच गेले होते. त्या दिवशीच्या फोटोत मागे एक अनोळखी मुलगा घामाघूम उभा आहे, तो कोण म्हणून मी विचारलं, तर म्हणे क्लचवर जरा कच्चा होता.

अशाच एका प्रवासात देवळा गावाच्या अलीकडे कांद्याचा ट्रॅक्टर मधेच थांबला आणि यांची गाडी मागून त्याच्यावर गेली. फार वेग नव्हता. सरांना आणि त्या मुलाला खरचटलं. मागे बसलेल्या काकूंच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण काकू त्यानंतर गाडीत बसल्या नाहीत. माहेरी जायचं तर एस.टी.ने, एकट्या. सरांनी स्कूल पुतण्याच्या हवाली केलं आणि घरी बसले. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात दोघंच, आणि दोघंही गप्प. त्यांच्या दारावरून जाताना मला नुसता कुकरच्या शिट्टीचा आवाज यायचा.

वर्षभर असं गेलं आणि एके दिवशी सरांनी ही गाडी आणली. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलानं हौसेनं घेतलेली, बागेच्या रस्त्यावर तिचं पोट घासायला लागलं म्हणून विकायला काढलेली. फायबरची, बुटकी, दोन सिटांची, वर कापडाचं छप्पर. गल्लीत कोणी म्हातारचळ म्हणालं, कोणी आणखी काही. काकूंनी गॅलरीतून एकदा पाहिलं आणि आत जाऊन कपडे वाळत घालायला घेतले. सरांना काय हवं होतं ते मात्र कोणालाही कळत होतं: काकूंनी त्या गाडीत बसावं. अडचण एवढीच, की सरांनाच त्या गाडीची धडकी भरली होती.

"मॅडम, हिला वजनच नाही," ते मला जिन्यात गाठून सांगायचे. "कागद आहे, कागद. बॉनेटवर हात ठेवला तर आत जातो. शेजारून एस.टी. गेली तर ही सरकेल." त्यात कॉलेजच्या चार पोरांनी एका संध्याकाळी मजा म्हणून गाडीचा मागचा भाग उचलून ती फाटकात आडवी ठेवली. सरांनी तिला पुन्हा जागेवर लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी द्वारका चौकातल्या मिस्त्रीकडे गेले, डाव्या बाजूला ब्रेक बसवून मागायला. मिस्त्री म्हणाला, "काका, इथं तुमचे दोन पाय मुश्किलीनं मावतात. ब्रेक कुठं ठेवू, तुमच्या खिशात?"

शेवटी एका रविवारी त्यांनी मला धरलं. "मॅडम, तुम्ही डावीकडे बसा. काही करू नका. फक्त धोका दिसला की 'ब्रेक' म्हणा."

मी आत बसले म्हणजे जेवायला पाटावर बसतात तशी बसले. पाय लांब केले आणि रस्ता एकदम नाकाशी आला. इंजिन सुरू झालं तेव्हा ते पुढे कुठे नसून माझ्याच बरगड्यांत आहे असं वाटलं. गंगापूर रोडला लागलो. एरवी ज्या रिक्षांकडे मी वरून बघते त्यांच्या सायलेन्सरचा धूर थेट तोंडात. बारीकसा खडासुद्धा कमरेला कळत होता. आणि मग शेजारून ट्रक आला. ट्रकचं चाक मी आयुष्यात पहिल्यांदाच डोळ्यासमोर, डोळ्याच्या उंचीवर पाहिलं. त्याच्या नटांवरचं ग्रीस दिसत होतं. मी "ब्रेक" म्हणायचं विसरले आणि देवाचं नाव घेतलं.

सरांचा चेहरा पांढरा पडला होता. आम्ही सायकलच्या वेगानं चाललो होतो. मागे हॉर्नची रांग लागली होती. मोटारसायकलवरची दोन मुलं शेजारी येऊन गाडी गुरगुरवत शर्यतीला बोलवायला लागली. सर त्यांच्याकडे न बघता पुटपुटले, "जा रे भो, जा. माले भ्याव वाटस." भीती वाटली की सरांची अहिराणी बाहेर यायची. मुलं हसत पुढे गेली. मला हसू आलं नाही. माझ्या पायात गोळे आले होते, कारण तळावर ब्रेक नव्हता तरी तो मीही दाबतच होते.

कशीबशी गाडी गल्लीत आणून सरांनी ती बंद केली. दोघांनाही लगेच उठवेना. मी जरा चिडूनच म्हटलं, "सर, एवढी भीती वाटते तर घेतलीत कशाला? साधी मारुती घ्यायचीत."

"मारुतीला मागची सीट असते," सर म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"आमची ही कायम मागे बसली मॅडम. इतकी वर्षं. काही म्हणाली की मला मान वळवायला लागायची. त्या दिवशी वळवली होती." ते स्टिअरिंगकडे बघत होते. "त्या पोराची चूक नव्हती. त्याच्याआधी मी ब्रेक दाबायला पाहिजे होता. सगळ्यांनी त्याला दोष दिला, मी देऊ दिला. ह्या गाडीत मागे जागाच नाही. विद्यार्थी नाही, कोणी नाही. ती शेजारी असेल. मान वळवायचं काम नाही."

"काकूंना सांगितलंत हे?"

"आधी चालवता तर आली पाहिजे," सर म्हणाले आणि रुमालानं मान पुसायला लागले. जगातल्या प्रत्येक सायकलवाल्याला भिणारा हा माणूस, ज्या गोष्टीला सगळ्यात जास्त भितो तीच विकत घेऊन बसला होता.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. त्याच दुपारी मी काकूंच्या स्वयंपाकघरात होते. काकू मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, मान वळवल्याचंही. त्यांचे हात थांबले नाहीत.

"माले माहीत शे," त्या म्हणाल्या. मग माझ्यासाठी नेहमीच्या बोलीवर आल्या. "मला माहिती आहे विद्या. मीच हाक मारली होती त्यांना. रस्त्याच्या कडेला करडई फुलली होती, म्हटलं, अहो, बघा ना. त्यांनी बघितलं."

"मग तुम्ही गाडीत बसत नाही ते हाडामुळे नाही?"

"हाड गेलं कुठल्या कुठे. मी बसले की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. आणि मी बोलले की ते बघतात." काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "घरात बोलायला गेले तरी आता जीभ आवरते. ते पण माझ्याकडे बघायचं टाळतात. काय करायचं, सांग."

मी ती जुडी ओढून घेतली आणि मेथी निवडायला लागले.

चार-पाच दिवसांनी सकाळी सर नेहमीसारखे डाव्या सीटवर बसून भिंत बघत होते. मी दूध घेऊन येत होते. काकू जिन्यातून उतरल्या. ठेवणीतली साडी, हातात पर्स. गाडीचं डावं दार त्यांनी उघडलं आणि म्हणाल्या, "उठा. ही माझी जागा आहे."

सर उठेनात. "तू बसणार?"

"सोमेश्वरापर्यंत. दर्शन घ्यायचं आणि परत यायचं. तिकडून बसा."

सर उठले, गाडीच्या समोरून वळसा घालून उजवीकडे गेले. बॉनेटला धरूनच चालले होते. काकू पदर सावरत खाली खाली जाऊन एकदाच्या टेकल्या. गाडी फाटकातून निघाली, तेव्हा रस्ता मोकळा असूनही सर तिथे बराच वेळ दोन्हीकडे बघत थांबले होते.

सोमेश्वर काही लांब नाही. सरांच्या वेगानं गेलं तरी नाश्त्याच्या वेळेला परत यायला हवं होतं. नाश्ता झाला. कुकर झाला. मी गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागले. शेजारच्या दोघी म्हणाल्या, येतील गं. माझ्या डोळ्यासमोर ते ट्रकचं चाक येत होतं. मीच जाऊन सांगितलं नसतं तर काकू बसल्या नसत्या, हेही डोक्यातून जाईना. शेवटी स्कूटी काढली.

रस्त्यात जिथं चार माणसं गोळा झालेली दिसली तिथं मी वेग कमी करून वाकून बघत होते. एका ठिकाणी पेरूची हातगाडी निघाली, एका ठिकाणी कोणाचंतरी भांडण. वस्ती विरळ झाली आणि पुढे रस्त्याच्या कडेला, आंब्याखाली, लाल रंग दिसला. गाडी तिरकी उभी होती. मी स्कूटी कशी थांबवली ते मला आठवत नाही.

गाडीला काहीही झालं नव्हतं. इंजिन सुरू होतं. आत काकू हातवारे करून बोलत होत्या आणि सर त्यांच्याकडे पूर्ण वळून बसले होते.

"सर, काय झालं? बंद पडली का?"

"नाही," सर म्हणाले. "हिचं बोलणं सुरू झालं. शेजारी असली तरी बोलताना हिच्याकडे बघितल्याशिवाय मला राहवेना. आणि चालवताना बघायची भीती वाटते. म्हणून बाजूला घेतली."

"आतापर्यंत इथंच?"

"नाही, आधी तिकडे नर्सरीपाशी थांबलो होतो. त्याच्याआधी शाळेजवळ."

"आता मधे बोलू नकोस विद्या, माझं राहून जाईल," काकू म्हणाल्या. "मी यांना आमच्या भाचीच्या लग्नाचं सांगतेय."

"अरे वा. कधी आहे लग्न?"

सरांनी काकूंवरची नजर काढली नाही.

"तिची मुलं आता शाळेत जातात," ते म्हणाले. "लग्न झालं तेव्हाच ही सांगत होती. माझं लक्ष रस्त्याकडे होतं." मग हात पुढे करून त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.