झिंगरूजींचा खताचा खड्डा

आमच्या घरचा कचरा झिंगरूजी तपासल्याशिवाय बाहेर जाऊ देत नसत. धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या शाळेत बदली होऊन मी आलो, त्याच्या दुसऱ्याच सकाळी शेताकडे जाताजाता हा सत्तरीचा शेतकरी कुंपणावरून ओरडला, "गुरुजी, भेंडीचे देठं चुलीत घालून राहिले? कायले?"

"जळतात म्हणून."

"मंग घर बी जाळा. तेबी जळते!"

माझ्या परसात खड्डा त्यांनीच खणला. मला विचारलंसुद्धा नाही. मग रोज शाळा भरू लागली, माझी! भाजीची सालं, लाखोळीच्या शेंगांची टरफलं, पालापाचोळा, शेण, भाताचा कोंडा चालेल. राख चिमूटभर. हाडं, मासे, तेलकट उष्टं बिलकुल नाही, "कुत्रे उकरतेत." हरळी आधी उन्हात वाळवायची. "जित्ती टाकाल तं हरळीच पिकवाल!" आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी, "माती उपाशी हाय, गुरुजी."

माती उपाशी, पण माझं डोकं खाऊन त्यांचं पोट भरत होतं!

एकदा शाळा तपासायला आलेले साहेब आमच्याकडे जेवले. जेवून त्यांनी पत्रावळ खड्ड्यात टाकली, तोच झिंगरूजी कुंपण ओलांडून आले. "साहेब, माशाचे काटे पाल्यावर टाकले काऊन? उचला!" आणि साहेबांनी धोतर सावरत काटे वेचले. मी भीतीनं पांढरा पडलो होतो. साहेब गेल्यावर माझा तोल सुटला. "पुन्हा या कुंपणाशी दिसू नका!"

झिंगरूजी खांद्यावरचं फडकं झटकून गेले.

चार दिवस कुणी ओरडलं नाही. पाचव्या दिवशी बायकोनं दोडके टोपलीत भरले आणि म्हणाली, "चला, बघून येऊ."

त्यांचं घर तळ्याच्या बांधाखाली. अंगणात रेखीव खड्डा, काठ शेणानं सारवलेले. आत वाळकी पानं आणि कांद्याचं एकच साल. बस्स.

"तुमचाच खड्डा रिकामा?" मी विचारलं, अजून थोडा रागातच.

"एकट्याचा सैपाक, गुरुजी. भात अन् मीठ. त्याचं काय निघते?" ते खड्ड्याकडे बघत म्हणाले. "बुडी होती, माही घरवाली, दोन पोरं, दोन सुना. हा खड्डा हप्त्यात भरे. हैज्याच्या साथीनं सारे नेले. मी वावरात होतो, वाचलो."

बायकोनं ओट्यावर बसकण मारली. "विळी कुठं आहे, बाबाजी? आज आम्ही इथंच जेवणार."

विळी आली. दोडक्याची हिरवी सालं खड्ड्यात पडू लागली. झिंगरूजी बसायला पाट आणतो म्हणून घरात गेले, आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.