खिडकीखालील बिछाना मोकळा जाहला त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्याचे कृपेने चाक फिरते आणि घाटात इंजिन तापत नाही, त्यास नमन करून हकीकत लिहितो. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौष मासी, संक्रांत नुकतीच जाहली असता राजश्री दिगंबरपंत कारभारातून निवृत्त होऊन घरी बसले होते, आणि बसवेना म्हणोन त्यांनी कॅम्पर व्हॅन, म्हणजे चाकांवरील महाल, सिद्ध करविला. त्यात खिडकीखाली बिछाना केला तो पत्नी मथुराबाईसाहेब यांचे हट्टाने. जन्मभर उजाडताच उठून ओट्यापाशी गेले, आता एक वेळ निजल्या जागेवरून समुद्र पाहावा, इतकीच त्यांची उमेद. मग कूच ठरले आणि पंतांनी सरंजाम भरावयास घेतला. एक तंबू घेतला, तो फाटला तर म्हणोन दुसरा घेतला, शेगडीस जोड शेगडी घेतली, ताडपत्र्या, कंदील आणि पाहुण्यांकरिता घडीच्या खुर्च्या घेतल्या, पाहुणे कोण हे कोणास ठाऊक नाही. छपर भरले तेव्हा बिछान्यावर रचिले, आणि बाईसाहेबांनी पुसिले तर "असू द्यावे, लागेल," इतकेच बोलिले. गाडी धापा टाकीत घाट उतरून समुद्रतीरी पोहोचली. रात्री सामान बाहेर काढावे तर दवाने भिजेल म्हणोन पंत राजी न होत. सबब सरंजाम बिछान्यावर निजला आणि धनी-धनीण पुढील आसनांवर बसून निजली. पंत खुशाल घोरले. बाईसाहेबांची मान धरली, समुद्र आवाजापुरता मिळाला, आणि मन फार खट्टू जाहले.

दुसरे दिवशी पंत मासळी आणावयास बंदरावर गेले, आणि बाईसाहेबांनी शेजारील गाड्यांतील व कोळीवाड्यातील बायांस हळदीकुंकवाचे बोलावणे धाडिले. तिळगूळ होता, कुंकू होते, वाण मात्र नव्हते. मग त्यांनी बिछान्याकडे पाहिले. पंत मासळी घेऊन येतात तो बाया खुर्च्या डोईवर घेऊन वाळूतून चाललेल्या, आणि एकीचे काखेत ताडपत्री. पंतांचा चेहरा उतरला. हे काय आरंभिले, ऐसे पुसते जाहले.

बाईसाहेब शांतपणे बोलिल्या, "वाण लुटिले. लागेल म्हणत होता ना आपण? त्यांस लागले."

दिले वाण माघारी मागणे म्हणजे अब्रू घालविणे, हे पंत जाणून होते. हातची मासळी पायरीवर ठेविली. मग आत गेले आणि दुसरा तंबू खांद्यावर घेऊन बाहेर आले, आणि म्हणाले, "त्या कडेच्या गाडीतल्या वहिनी रिकाम्या हाती गेल्या. हा त्यांस पोहोचवितो." बाईसाहेबांस त्या क्षणी नवऱ्याचे फार कौतुक वाटले.

पहाटे खिडकीत समुद्र उजळला. पंत सवयीने छपरावरील सामानाचे दोर तपासावयास उठले, पण छपरही वाणात रिकामे जाहले होते, तपासावयास काही नव्हते, म्हणोन परत आडवे जाहले. चहा टाकू काय, ऐसे हळूच बोलिले. बाईसाहेब म्हणाल्या, "इतक्यात नको. पडून राहा."

एवंच मोहीम फत्ते जाहली, आणि त्या दिवशी त्या राज्यात चहा ऊन वर आल्यावर जाहला.