प्रोजेक्टरचा मानकरी

"लिहून ठेव निकोलासा, आजच्या व्याख्यानातून एक माणूस उठून जाणार नाही!" प्राध्यापक सेवेरो यापुरांनी टायची गाठ मारत बायकोला सांगितलं.

निकोलासाने नुसतं "हं" केलं. मागच्या खेपेला 'यंत्रं, कायदा आणि बदलता समाज' या मालेचं व्याख्यान विद्यापीठात झालं, तेव्हा शेवटपर्यंत ती, पहारेकरी आणि थंडीने आत शिरलेलं एक कुत्रं एवढीच मंडळी उरली होती. त्यातलं कुत्रंच काय ते मन लावून ऐकत होतं! डीनबाई आरामायोंनी स्पष्ट बजावलं होतं, "पुढच्या वेळी लोक शेवटपर्यंत बसले नाहीत, तर माला बंद." आणि माला म्हणजे तर सेवेरोंचा जीव की प्राण.

पण सेवेरो पडले पक्के बोलिव्हियातल्या ओरुरो गावचे. त्यांनी व्याख्यान उचललं आणि थेट बाजारातल्या विक्रेत्यांच्या संघटनेच्या सभागृहात नेलं. वर लग्नाला नेमतात तसे मानकरी नेमले! आपी हे मक्याचं गरम पेय आणि तळलेल्या पुऱ्या यांचा मान सातुर्निनामावशींना, प्रोजेक्टरचा मान विजेच्या सामानाचं दुकान असलेल्या फोर्तुनातोदादांना. ज्याला ज्याचा मान, त्याने ते पदरच्या पैशाने आणायचं, अशी तिथली रीत. ओरुरोत एकाला मान दिला की तो सगळं गणगोत घेऊन येतो. सभागृह खच्चून भरलं! घट्ट वेण्या, गोल टोप्या, मांडीवर पोरं, हातात वाफाळते पेले. सेवेरोंना भरून आलं. 'आता कोण बंद करतंय माला बघतो,' ते मनात म्हणाले.

एवढ्यात फोर्तुनातोदादा उठले. त्यांनी कोऱ्या करकरीत प्रोजेक्टरला रंगीत कागदाच्या माळा घातल्या आणि बिअरची बाटली काढली.

"नवी वस्तू आहे मास्तर. चाल्ला करायला हवा, बिअर शिंपडून पूजा. धरणीमातेचा घोट आधी!"

"हो हो... जमिनीवर शिंपडा ना दोन थेंब," सेवेरो म्हणाले.

"दोन थेंब? अहो, परवा ट्रकवर अख्खं खोकं ओतलं मी! मशिनवर घालतो थोडी. चालेल ना?"

मशिन जळेल हे सेवेरोंना दिसत होतं. नाही म्हणावं, तर दादा रुसणार. दादा रुसले की अर्धं सभागृह त्यांच्यामागून चालतं होणार. ते तोंडभर हसले. "चालेल की! तुमचंच आहे!"

"मग मी काय पाप केलंय?" म्हणत सातुर्निनामावशीही आपली बाटली घेऊन आल्या. मागे राहतील त्या मावशी कसल्या! दोघांत चढाओढ लागली. मावशींनी बाटली गदागदा हलवली, फेसाचं कारंजं उडालं, आणि फट्! धूर काढत प्रोजेक्टर गेला, शेजारचा लॅपटॉप गेला, दिवेही गेले.

"धूर सरळ वर गेला! शुभ आहे, शुभ आहे!" अंधारात कुणीतरी ओरडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. नेमक्या त्याच वेळी मोबाइलचा दिवा धरून डीनबाई दारात उभ्या राहिल्या.

सेवेरोंची सगळी चित्रं, सगळी कलमं लॅपटॉपबरोबर बिअरमध्ये न्हाली होती. जवळ कागदाचा कपटा नव्हता. संपलं!

पण लोक उठलेच नाहीत. ते भांडायला लागले!

"माल डुप्लिकेट आणलास, फोर्तुनातो!"

"अस्सल आहे म्हटलं! बाटली कुणी हलवली, मावशी?"

"मी हलवली ती भक्तीने!"

"दोष कारखान्याचा!" मागून एकजण गरजला. "बोलिव्हियात विकायचंय ना? मग बिअर सोसायला नको मशिनला?"

सेवेरोंचे कान टवकारले. अरे, हाच तर आपला विषय! ते टुणकन खुर्चीवर चढले.

"मंडळी, थांबा! उद्या बिनड्रायव्हरची गाडी या बाजारात घुसली आणि मावशींची टोपली उडाली, तर धरायचं कुणाला?"

"गाडीच्या मालकाला!" "बनवणाऱ्याला!" "टोपली रस्त्यात ठेवणाऱ्याला!"

"कुणी ठेवली रे रस्त्यात?" मावशी कडाडल्या.

काय रंगलं म्हणता व्याख्यान! मोबाइलचे दिवे वर धरून लोक ऐकत होते, मधेच ओरडत होते, पुऱ्या खात होते. यंत्र पुढे पळतंय, कायदा मागून धापा टाकतोय, हे सेवेरोंनी खुर्चीवर पळून दाखवलं. शेवटी त्यांना असा चेव आला, की मूठ आपटून ते गरजले, "दोष त्याचाच, ज्याला धोका कळत होता, थांबवणं ज्याच्या हातात होतं, आणि तरी जो हसून गप्प बसला!"

प्रचंड टाळ्या! त्या ओसरल्यावर सातुर्निनामावशी उभ्या राहिल्या.

"मास्तर, बिअरने मशिन जळतं हे तुम्हाला ठाऊक होतं का हो?"

"म्हणजे... होतं."

"नको म्हणता आलं असतं?"

"आलं असतं."

"आणि हसलं कोण?"

सेवेरो खुर्चीवरून हळूच खाली उतरले. "मी."

निकाल हात वर करून लागला. डीनबाईंचाही हात वर होता! शिक्षाही तिथल्या तिथे ठरली: पुढच्या व्याख्यानाला प्रोजेक्टरचे मानकरी, प्राध्यापक सेवेरो यापुरा! ओरुरोत असा मान नाकारायची कुणाची छाती नाही. त्यांच्या डोक्यावर मूठमूठ रंगीत कागद उधळले गेले.

"माला चालू राहणार," डीनबाई जाता जाता म्हणाल्या. "एक माणूस हलला नाही, यापुरा."

सेवेरोंचे डोळे भरून आले. त्यांनी मावशींचे हात हातात घेतले, दादांना कडकडून मिठी मारली. "तुम्ही होता म्हणून वाचलो हो! तुमचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत," ते म्हणाले, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

घरी निकोलासा त्यांच्या केसांतले कागद वेचत होती. "मग? उठून गेलं का कुणी?"

"एकही नाही!"

"आणि त्यांना समजलं का काही?"

सेवेरोंनी बूट काढले आणि एक मोठा सुस्कारा सोडला. "फार समजलं गं. जरा कमी समजलं असतं तरी चाललं असतं."