रेइनोच्या गाडीचे वजन

शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास रेइनो हाउतामाकी याने आपल्या सौनाच्या, म्हणजे वाफेने अंघोळ करण्याच्या खोलीच्या, भट्टीवरील दगड एकेक करून उचलण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्याची पत्नी एल्मा स्वयंपाकघरात वेलदोड्याच्या पावाची कणीक मळीत होती. दगड एकंदर बत्तीस होते. ते सर्व त्याने बटाट्याच्या दोन पोत्यांत भरले आणि ती पोती अंगणात उभ्या असलेल्या गोल्फच्या गाडीच्या मागील आसनावर दोरीने घट्ट आवळून बांधली.

हे कृत्य अविचाराचे नव्हते. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरने रेइनोचा मोटार चालविण्याचा परवाना काढून घेतला होता. तेव्हापासून एका बंद पडलेल्या क्लबाकडून विकत घेतलेली ही बॅटरीवरची गाडी, हेच काय ते त्याचे स्वातंत्र्य उरले होते. घरापासून हमरस्त्यावरच्या टपालपेटीपर्यंतची पाऊण मैलाची कच्ची वाट त्याच्या स्वतःच्या जमिनीतून जात असे, आणि त्या वाटेवर त्याला परवाना विचारणारे कोणी नव्हते. परंतु मार्च महिना लागला, बर्फ वितळू लागले, आणि वाटेच्या मध्यावरील खळग्यात खाली चिखल व वर बर्फ अशी स्थिती झाली. गोल्फच्या हिरवळीसाठी जन्मलेली ती गुळगुळीत चाके तेथे जागच्या जागी गरगर फिरत.

पहिल्यांदा गाडी रुतली तेव्हा शेजारच्या वाल्फ्रेड नीमीने ती आपल्या ट्रॅक्टरने ओढून काढली. रेइनोने चाकांतील हवा निम्मी केली, जेणेकरून चाके पसरून बसावीत. मंगळवारी ती पुन्हा रुतली आणि वाल्फ्रेडने ती पुन्हा ओढली. रेइनोने गोठ्यातील जुन्या साखळ्या कापून मागच्या चाकांना गुंडाळल्या. बुधवारी सकाळी मात्र एल्माने न्याहारीच्या वेळी शांतपणे निर्णय सांगितला.

"कार्लीनचा फोन होता. ती म्हणते, बाबांची गाडी विकून टाक. मी तिला सांगितलंय, वाल्फ्रेडच्या ट्रॅक्टरनं तिसऱ्यांदा ओढली, की त्याच दिवशी किल्ली तुझ्याकडे पाठवते."

"तू पोरीच्या बाजूची की माझ्या?"

"मी कॉफी ओततेय. कप पुढे कर."

रेइनोने तीन दिवस चिंतन केले. हवा कमी केली, साखळ्या चढविल्या; उरले होते मागच्या चाकांवरचे वजन. वाळूचा ढीग गोठून खडक झालेला होता आणि जळाऊ लाकडे हलकी होती. कोरडी, सुटी आणि भरपूर जड अशी वस्तू घरात एकच होती. तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची ती शनिवारची सौना चार वाजता. तोपर्यंत दगड जागेवर ठेवणे सहज शक्य होते.

जाताना गाडीने खळगा असा ओलांडला, की रेइनोला मागे वळून पाहावेसे वाटले. साखळ्यांनी चिखलात दात रोवले आणि गाडी हमरस्त्याला लागली. टपालपेटीत बियाणांची एक यादी होती. ती वाचीत तो उन्हात बराच वेळ बसला, आणि तेवढ्या वेळात त्याच उन्हाने खळग्यातील उरलेसुरले बर्फ वितळविले.

परतताना गाडी आसापर्यंत रुतली.

रेइनो खाली उतरला. ट्रॅक्टरला हाक मारायची नाही, हे त्याने मनाशी पक्के केले होते. त्याने एक दगड काढून चाकाखाली सारला. चाक बोटभर वर आले. दुसरा सारला. दुपारभर गुडघ्यांवर बसून त्याने बत्तीसच्या बत्तीस दगड चाकांपुढे अंथरले, आणि साडेतीन वाजता गाडी स्वतःच्या बळावर खळग्याबाहेर आली. दगड मात्र चिखलात गडप झाले होते. ते उपसायला फावडे आणावे, या हेतूने तो घराकडे निघाला. पण अंगणात शिरताच त्याला सौनाच्या धुराड्यातून धूर निघताना दिसला.

भट्टीत लाकडे बाहेरच्या खोलीतून सारण्याची सोय होती, त्यामुळे एल्माने आत डोकावण्याचे कारण नव्हते. आणि वाल्फ्रेड तीस वर्षांच्या रिवाजाप्रमाणे येऊन, टॉवेल गुंडाळून, आतल्या अंधारात वरच्या फळीवर बसलाही होता. आतून पळीभर पाणी ओतल्याचा आवाज आला. पाठोपाठ वाफेऐवजी राखेचा एक लोट दारातून बाहेर पडला आणि त्यामागून वाल्फ्रेड.

"एल्मा, भट्टीवर दगड नाहीत गं."

एल्माने रेइनोच्या गुडघ्यांवरील चिखलाकडे पाहिले. "दगड कुठायत?"

"खळग्यात."

"आणि गाडी?"

"गाडी ही काय, समोर उभी आहे. कुणी ओढली नाही."

"तुझ्या आईच्या घरात शनिवारी सौना कधी थंड राहिली होती का?" एल्मा म्हणाली. "जा. दगड आण."

रेइनोने आपली अडचण प्रांजळपणे मांडली. दगडांवाचून गाडीला वजन नाही. वजनावाचून ती खळग्यात टिकणार नाही. आणि दगड तर खळग्यातच आहेत. वाल्फ्रेड आपल्या पायांकडे पाहू लागला. ट्रॅक्टरचे नाव त्याने काढले नाही, याचे रेइनोला मनातून बरे वाटले.

"माझं वजन दोनशे साठ पौंड आहे," वाल्फ्रेड अखेरीस म्हणाला. "कोट दे माझा."

येणेप्रमाणे वाल्फ्रेड नीमी टॉवेलावर कोट आणि पायांत रबरी बूट अशा वेषात, फावडे मांडीवर घेऊन, मागील आसनावर मागे तोंड करून बसला.

"सावकाश घे रे. खाली काही नाहीये माझ्या अंगावर."

"हलू नकोस. तू वजन आहेस."

"वजनाला थंडी वाजते, लेका."

गाडी खळग्यात उतरली आणि रुतली नाही. दोघांनी मिळून एकोणतीस दगड उपसले; तीन त्या भूमीनेच ठेवून घेतले. वर चढताना चाके क्षणभर घसरली, तेव्हा वाल्फ्रेडने सांगण्याची वाट न पाहता पुढे वाकून सगळा भार मागच्या चाकांवर टाकला, आणि गाडी संथपणे चढण चढून गेली.

साडेपाच वाजता दगड पुरेसे तापले. आत बसल्याबसल्या दोघांना एल्माचा फोनवरील आवाज ऐकू आला. "नाही गं कार्लीन, ट्रॅक्टर नाही लागला. हो, किल्ली खिळ्यालाच आहे."

रेइनोने समाधानाने डोळे मिटले. "तू ट्रॅक्टरचं नाव काढलं नाहीस, वाल्फ्रेड. मी विसरणार नाही."

वाल्फ्रेडने मान खाजविली. "काढून काय करू? मंगळवारी तुला ओढताना त्याचा गिअर तुटला. गोठ्यात उभाय तेव्हापासून. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"कुणालाच नाही?"

"एल्माला तेवढं. मंगळवारी संध्याकाळी अंडी न्यायला आलो होतो, तेव्हा."

रेइनोने डोळे उघडले. बुधवारची न्याहारी त्याला आठवली. कॉफी ओतणारा स्थिर हात आठवला. तिसऱ्यांदा ओढणारा ट्रॅक्टर तेव्हा मोडलेलाच होता, आणि ते तिला ठाऊक होते.

बाहेरून एल्माने विचारले, "अजून लाकूड सारू का?"

"सार," रेइनो म्हणाला, आणि त्याने दगडांवर पळीभर पाणी ओतले. वाफ भरपूर आली. तिला खळग्यातल्या चिखलाचा वास होता.