अनुष्काच्या खोलीतला भोंगा

पक्ष्याची चोच आखूड आणि जाड होती, आणि तिच्या मुळाशी नारिंगी रंग चढू लागला होता. टोकाकडे ती अजून फिकट होती, शिंगासारखी. विभावरीने चष्मा पुसला, पिंजरा खिडकीकडे वळवला आणि पुन्हा पाहिलं. खिडकीवर प्लास्टिकचा दुहेरी पडदा आणि खाकी चिकटपट्टी होती, त्यामुळे उजेड बेताचाच होता. तरी पंखांच्या कडेची पुसट गुलाबी झाक दिसली आणि तिचा हात पिंजऱ्यावरच थांबला.

"अहो, हा कुठून आणलात?"

"आधी सांग, चालेल ना?" गुरुनाथने बूट काढता काढता विचारलं. "कॅनरी संपल्या. सगळ्या रियाधने उचलल्यात. तो पक्षीवाला रहमतुल्ला म्हणाला, ये सहरा का कॅनरी है साब, सेम काम करेगा."

"कसलं काम?"

गुरुनाथ बुटांच्या नाड्या फार लक्षपूर्वक सोडवू लागला. तेवढ्यात त्याच्या मागून यज्ञेश आत आला आणि उत्तर त्याने दिलं.

"गॅस डिटेक्शन, वहिनी!"

यज्ञेश कारखानीस रियाधच्या ओलाया भागात गुरुनाथच्याच बँकेत, त्याच्या शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर सांभाळत असे. बायको-मुलांना त्याने ऑगस्टमध्येच, कुवेत पडल्याच्या आठवड्यात, सांगलीला धाडलं होतं. तेव्हापासून तो जेवायला इथे असे आणि जेवणाबरोबर सल्ले देत असे. सद्दामच्या क्षेपणास्त्रांतून विषारी गॅस येईल म्हणून मुलीची, अनुष्काची, खोली सील करायची कल्पना त्याची. दाराच्या फटीत सोड्याच्या पाण्यात भिजवलेला टॉवेल कोंबायची कल्पना त्याची. युद्धाचा दुसरा आठवडा चालू होता, संध्याकाळ झाली की भोंगा वाजे, आकाशात कुठेतरी धडाका होई आणि तिसरी कल्पनाही त्याचीच निघाली यात नवल नव्हतं.

"पूर्वी खाणीत न्यायचे ना पक्षी? पक्षी पडला की समजायचं, गॅस आला."

"हा पिंजरा सील केलेल्या खोलीत ठेवणार?" विभावरीने विचारलं.

"अर्थात."

"म्हणजे पक्षी पडेल तेव्हा गॅस आपल्याच खोलीत आलेला असेल."

"करेक्ट!"

"मग ते कळल्यावर आपण काय करायचं?"

यज्ञेशने गुरुनाथकडे पाहिलं. गुरुनाथने छताकडे पाहिलं.

"निदान कळेल तरी," यज्ञेश म्हणाला. "चहा टाकताय ना, वहिनी?"

विभावरीने चहा टाकला. भांडं शेगडीवर तिने नेहमीपेक्षा किंचित जोरात ठेवलं. ती रागावली आहे हे ओळखायची एवढीच खूण होती आणि घरात ती फक्त अनुष्काला ठाऊक होती.

लग्नाआधी विभावरी रत्नागिरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होती. पिंजऱ्यातला पक्षी तिला पाहताक्षणी ओळखू आला होता. तो ट्रम्पीटर फिंच होता. उजाड कड्यांवर, दगडांच्या कपारीत राहणारा, चिमणीएवढा, आणि जत्रेतल्या पिपाणीसारखा नाकात आवाज काढणारा. रियाधच्या पश्चिमेला तुवैकचा कडा आहे, गाडीने जेमतेम तासाभरावर. तिथे हा पक्षी असतो हे तिला इथे आल्याच्या पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. चार वर्षं झाली. बायकांना इथे गाडी चालवायची बंदी होती, त्यामुळे ती गुरुनाथनेच चालवायची होती, आणि दर गुरुवारी सुट्टीच्या सकाळी ती विचारी, "कड्यावर जायचं?" आणि तो म्हणे, "बघू." पहिल्या वर्षी ऊन होतं, दुसऱ्या वर्षी गाडीचा एसी नीट नव्हता, तिसऱ्या वर्षी क्रिकेट होतं. चौथ्या वर्षी सद्दामने कुवेत घेतलं आणि गुरुनाथच्या चेहऱ्यावर तिला क्षणभर सुटकेचा भाव दिसला होता. आता तोच पक्षी तिच्या मुलीच्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलावर, यंत्र म्हणून ठेवला होता.

त्या संध्याकाळी भोंगा झाला. खालच्या मजल्यावरचे हनीफभाई आणि इस्मतभाभी धावत वर आले. हनीफभाई मूळचे दापोलीचे, पंधरा वर्षं रियाधमध्ये एसी दुरुस्त करत होते. त्यांच्या घरातली खोलीही सील केलेली होती. पण वरच्यांकडे पक्षी आहे हे एव्हाना जिन्याजिन्याने पसरलं होतं.

"वयनी, तुमच्याकडं मशीन हाय, आमच्याकडं नुसती पट्टी," हनीफभाई आत शिरत म्हणाले. "जरा सरका."

सहा माणसं आणि एक पक्षी. यज्ञेश बँकेने दिलेला मास्क लावून बसला होता. बाकीच्यांच्या हातात ओले टॉवेल होते. सगळे पिंजऱ्याकडे पाहत होते. इतक्या माणसांनी एकटक पाहिल्यावर पक्ष्याने जे केलं ते कुठल्याही पक्ष्याने केलं असतं. तो फुगला, चोच पिसांत खुपसली आणि डोळे मिटले.

"पडला!" यज्ञेश मास्कच्या आतून ओरडला. "गॅस! पडला!"

इस्मतभाभींनी टॉवेल तोंडाला लावला आणि कलमा पुटपुटायला सुरुवात केली. गुरुनाथने अनुष्काला पोटाशी धरून तिचं डोकं चादरीत गुंडाळलं. हनीफभाई पलंगाखाली जाऊ लागले आणि अर्ध्यात अडकले.

"पप्पा, ही इज स्लीपिंग!" चादरीतून आवाज आला. "लीव्ह मी, आय कान्ट ब्रीद!"

"ब्रीद! ती म्हणतेय ब्रीद होत नाहीये!" यज्ञेशने किंकाळी फोडली.

विभावरीने पिंजऱ्यावर बोटाने टिचकी मारली. पक्ष्याने एक डोळा उघडला, तिच्याकडे नाराजीने पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"तो दांडीवर बसलेला आहे," ती म्हणाली. "मेलेला पक्षी दांडीवर बसत नाही. हनीफभाई, उजवा पाय आधी काढा."

दुसऱ्या दिवसापासून पक्ष्याला झोपायची बंदी आली. यज्ञेशने तसा नियमच काढला. ड्यूटीवर असताना त्याला जागं ठेवायचं. इस्मतभाभी चमच्याने पिंजरा वाजवत बसत. विभावरीने चमचा काढून घेतला. ती बारीक राळे पाखडून त्याला देई, वाळू बदली, पिंजऱ्यात एक चपटा दगड ठेवी. आणि या सगळ्याला यज्ञेश "मेंटेनन्स" म्हणे.

"अहो, याला सोडायला हवं," तिने गुरुनाथला सांगितलं. "इथे शहरात नाही. कावळे खातील. कड्यावर."

"आत्ता? वॉर चालू असताना?"

"कड्यावर कोण टाकतंय क्षेपणास्त्रं? ती शहरावर टाकतात. आपण आहोत तिथे."

गुरुनाथला हा मुद्दा खोडता आला नाही. म्हणून तो म्हणाला, "बघू."

त्याच आठवड्यात लंडनहून हेमांगीचा फोन आला. हेमांगी तिची एम.एस्सी.ची मैत्रीण. विभावरीपेक्षा तिला कायम दोन मार्क कमी पडत.

"अगं, जिवंत आहेस ना? टीव्हीवर रोज तुमचंच रियाध दाखवतात. बरं, ऐक, तुला सांगायचंच राहिलं, नाताळात आम्ही स्पेनला गेलो होतो. दक्षिणेला, अल्मेरियाच्या मागच्या डोंगरांत. पाच दिवस चढतोय, उतरतोय. गरुड दिसले, ते काय दिसतातच गं. पण पाचव्या दिवशी, विभा, ट्रम्पीटर फिंच!"

"हो का?"

"म्हणजे पाठ दिसली. दगडाआड गेला. पण काय पाठ होती! गाइड म्हणाला, इथे येणाऱ्यांपैकी अर्धे तसेच परत जातात. युरोपात दुर्मिळ ना. तुमच्याकडे मात्र असतो म्हणे रस्त्याच्या कडेला. तू तर शंभरदा पाहिला असशील."

विभावरीने अनुष्काच्या खोलीच्या उघड्या दारातून आत पाहिलं. "आत्ता पाहतेय. पिंजऱ्यात आहे."

"अय्या, पिंजऱ्यातला नाही हं पाहिलेल्यांच्या यादीत धरत!" हेमांगी हसली. "मोकळा दिसला तरच धरायचा. माझी पाठ मात्र धरतात. तू कड्यावर का जात नाहीस गं? चार वर्षांत एकदाही नाही?"

"ठरवलं की कळवते," विभावरी म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी पोळ्या नकाशासारख्या झाल्या.

फेब्रुवारी लागला. चोच टोकापर्यंत नारिंगी झाली. विभावरीला याचा अर्थ ठाऊक होता, इतरांना नव्हता. तो शुक्रवारी सकाळी कळला.

सगळे चहा पीत होते. एकाएकी खोलीतून आवाज आला. बारीक, नाकातला, वर वर चढत जाणारा आणि लांबलचक. चार कप एकदम खाली आले. गुरुनाथ, यज्ञेश, हनीफभाई आणि इस्मतभाभी एकमेकांना ढकलत सील खोलीत घुसले, दार लावलं, टॉवेल कोंबला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की भोंगा आतच आहे.

"हा वाजतोय!" यज्ञेश म्हणाला.

"गातोय," विभावरी दाराबाहेरून म्हणाली. "वसंत आलाय. त्याला जोडीदारीण हवी आहे."

"भाभी, वॉरमध्ये?" इस्मतभाभींनी आतून विचारलं.

त्या दिवसापासून पक्षी रोज गाऊ लागला. सकाळी गाई, दुपारी गाई, आणि खरा भोंगा झाला की त्याला उत्तर म्हणून गाई. भोंगा थांबला तरी हा थांबत नसे. त्यामुळे धोका टळल्यावरही लोक खोल्यांतून बाहेर येत ना. एसीच्या डक्टमधून आवाज तीन मजले फिरे. तिसऱ्या मजल्यावरचे इजिप्शियन मास्तर दाढी अर्धी करून तळघरात पळाले. समोरच्या इमारतीतल्या कोणीतरी पोलिसांना कळवलं की या इमारतीत एक खाजगी भोंगा आहे आणि तो अधूनमधून मुद्दाम वाजवला जातो.

पोलीस गुरुवारी सकाळी आला. तरुण होता, इस्त्रीचा गणवेश, गंभीर चेहरा. घरात बायका आहेत म्हणून तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि नजर खाली ठेवून हनीफभाईंशी अरबीत बोलला.

"भोंगा दाखवा म्हणतोय," हनीफभाईंनी मराठीत सांगितलं. "युद्धात भोंगा बाळगणं गुन्हा हाय म्हणतोय. इकामे बी मागतोय."

इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. इकामा गेला की नोकरी गेली. हनीफभाईंनी आत जाऊन पिंजरा आणला आणि उंबऱ्यावर धरला. पोलिसाने पक्ष्याकडे पाहिलं. पक्ष्याने पोलिसाकडे पाहिलं. दोघेही गप्प.

"गा रे," यज्ञेश कुजबुजला. "रोज गातोस."

पक्ष्याने एक दाणा फोडला.

"थट्टा करताय का, असं विचारतोय," हनीफभाई कपाळ पुसत म्हणाले. "गुरुनाथसाहेब, तुमी जरा आवाज काढून दावा."

गुरुनाथने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि "पीं…" असा आवाज काढला. पोलिसाच्या भुवया वर गेल्या.

"असा नाही," यज्ञेश म्हणाला. "शेवटी वर जातो. पींऽऽऽ…"

"नाकातून, नाकातून," हनीफभाईंनी दोघांना बाजूला सारलं आणि पूर्ण ताकदीने दाखवलं. जिना पोकळ होता. तिघांचा आवाज एकत्र होऊन तळापासून गच्चीपर्यंत घुमला. धडाधड दारं लागली. कुणाचं तरी मूल रडू लागलं. इजिप्शियन मास्तर आज टॉवेल गुंडाळून पोलिसाच्या बगलेखालून तळघराकडे गेले. पोलिसाचा हात आपोआप कमरेच्या मास्ककडे गेला आणि मग तिथेच थांबला. तो हळूहळू लाल झाला.

तो आता जे बोलला ते हनीफभाईंनी बऱ्याच वेळाने भाषांतरित केलं. "हा पक्षी कोणाचा, एवढंच विचारतोय."

महिनाभर तो सगळ्यांचा होता. कोणी खाऊ दिला, कोणी चमचा वाजवला, सगळ्यांनी त्याच्या भरवशावर रात्री काढल्या होत्या.

"आमी खालच्या मजल्यावर राहतो," हनीफभाई म्हणाले.

"मी तर इथला नाहीच," यज्ञेश म्हणाला. मग त्याने पोलिसाकडे पाहून नम्रपणे हसत भर घातली, "तसा हा वहिनींचा छंद आहे. त्यांना पक्ष्यांची फार आवड."

स्वयंपाकघरात काहीतरी शेगडीवर ठेवल्याचा आवाज झाला. अनुष्का दारातून आत बघत हळूच म्हणाली, "ओ-ओ."

विभावरी बाहेर आली. तिने डोक्यावर ओढणी घेतली होती आणि पायांत बूट घातले होते. तिने हनीफभाईंच्या हातातून पिंजरा घेतला.

"हनीफभाई, त्यांना सांगा, हा पक्षी तुवैकच्या कड्यावरचा आहे. त्याला पकडून इथे आणणं ही चूक होती, आणि त्याच्यावर जीव टांगून बसणं हा मूर्खपणा होता. दोन्हींत माझा हात नाही. दुपारच्या आत तो परत कड्यावर असेल."

हनीफभाईंनी सांगितलं. किती सांगितलं ते त्यांनाच माहीत. पोलिसाचा चेहरा जरा सैल झाला.

"कोण नेणार, असं विचारतोय."

यज्ञेश जिन्याच्या कठड्याकडे पाहू लागला. हनीफभाईंना एकाएकी कुठल्याशा एसीची आठवण झाली.

"विभा," गुरुनाथ हळू आवाजात म्हणाला, "वाटेत चेकपोस्ट असतील. पेट्रोलचंही बघावं लागेल. मी काय म्हणतो, युद्ध संपू दे, मग एखाद्या गुरुवारी आपण…"

"आज गुरुवारच आहे," विभावरी म्हणाली. ती पोलिसाकडे वळली, आणि हनीफभाईंसाठी न थांबता, जिन्यात सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं, "मी नेणार आहे. गाडी हे चालवतील."