सुभेदारांची राखीव जागा

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सुभेदार निकम दर सोमवारी सकाळी चुन्याचं घमेलं घेऊन अंगणात उतरायचे आणि उकिडवे बसून रेघा ओढायचे. साताऱ्यातली बारा बिऱ्हाडांची सोसायटी, सत्तर सालानंतरची गोष्ट. वाहनं किती? अकरा सायकली, एक फटफटी आणि एक माझी स्कूटर. पण रेघा अशा, की बघणाऱ्याला वाटावं, इथं पलटण उतरणार आहे!

"लाईन म्हंजे लाईन!" हा त्यांचा मंत्र. सायकलचं हँडल डावीकडंच वळलेलं पाहिजे. पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर, हा नियम त्यांनी स्वतः पाटीवर रंगवला होता, खाली सहीसकट. माल उतरवण्यापुरती काय ती सूट. एकदा आमच्या गावाकडून ज्वारीची पोती घेऊन बैलगाडी आली आणि डावा बैल रेघेच्या पुढं गेला. सुभेदारांनी वही काढून लिहिलं, "बैलास समज दिली." खोटं नाही सांगत, मी ती नोंद वाचलीय.

हसायचो आम्ही. पण सायकलींवरून पूर्वी व्हायच्या त्या मारामाऱ्या त्यांनीच बंद केल्या होत्या, हेही खरं.

माझं त्यांचं बिनसलं ते एक नंबरच्या जागेवरून. फाटकाच्या आत, लिंबाच्या गार सावलीत, चांगली ऐसपैस चौकट आखलेली, आणि आत चुन्यानं लिहिलेलं "राखीव". तिथं कधी काही उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. माझी स्कूटर सहा वर्षं वाट बघून आलेली, आणि तिला मिळाली चार नंबरची जागा, भर उन्हात. सीट अशी तापायची की बायको म्हणाली, "त्यापेक्षा मी चालत येते."

गेलो सुभेदारांकडं. "एक नंबर मला द्या."

"राखीव हाय."

"कुणासाठी?"

"राखीव म्हंजे राखीव. लाईन म्हंजे लाईन."

झालं, माझं डोकं फिरलं! मी कचेरीतला कारकून, अर्ज लिहिण्यात हयात गेलेली. दहा बिऱ्हाडांच्या सह्या गोळा केल्या आणि सभा बोलावली. सभेत सगळ्यांसमोर विचारलं, "राखीव कुणासाठी, ते सांगा. नाहीतर जागा सोडा." सुभेदारांनी टोपी सरळ केली. मग वही उघडून माझ्या बाजूचा ठराव त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला. विरोधात मत एकच पडलं, त्यांचं. सोमवारी त्यांनीच "राखीव" पुसून तिथं माझं नाव लिहिलं. मी गॅलरीतून बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

महिन्याभरानं संध्याकाळी कचेरीतून आलो, तर माझ्या जागेत टॅक्सी! दारावर महाबळेश्वर लिहिलेलं. ड्रायव्हर अजून खाली उतरतच होता.

"ओ, पाटी वाचता येत नाही का? पाहुण्यांच्या गाड्या बाहेर. आणि ही जागा माझी आहे!"

त्यानं पाटी वाचली. सहीवर बोट ठेवून जरा थांबला. "बरं," म्हणाला, आणि गाडी मागं घेऊन निघून गेला.

सुभेदार दळण घेऊन आले तसा मी ऐटीत म्हणालो, "आज तुमचा नियम मी पाळून दाखवला. पाटी वाचायला लावून महाबळेश्वरची टॅक्सी हाकलली."

त्यांनी डबा खाली ठेवला. "ड्रायव्हरच्या भुवईवर वण हुता?"

"होता की. का?"

"काय न्हाई. बराबर केलंसा. नियम मीच लिवलाय."

निकमकाकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो त्यांचा धाकटा दीर, आबा. पाच वर्षांपूर्वी नवी टॅक्सी हार घालून दादाला दाखवायला आला, तर दादानं चारचौघांत ती फाटकाबाहेर काढायला लावली. "तुझ्या दारात माझ्या गाडीला जागा न्हाई, तर मलाबी न्हाई," म्हणून आबा गेला तो गेलाच. "ह्यास्नी नियम मोडवंना आन् भाऊबी सोडवंना. मग ती राखीव जागा काढली. गेल्या दिवाळीत पत्र टाकलं, जागा केलीया, तू ये."

तसाच सुभेदारांकडं गेलो. "चला, उद्याच महाबळेश्वरला जाऊ. मी त्यांचे पाय धरतो."

"कशाला? त्यानं पाटी वाचली. माझी सही वळखली असंल. आता काय सांगायचं त्येला?"

मी एकटं तरी जायला हवं होतं. जाऊ, जाऊ म्हणत पावसाळा आला, मग कचेरीतली कामं निघाली. लाज वाटत होती, हे खरं कारण. त्या दिवसापासून स्कूटर मात्र मी परत उन्हात लावू लागलो. "जागा राखीवच ठेवा," म्हटलं, तर सुभेदार ऐकेनात. "ठराव झालाय, साहेब. जागा तुमची."

तीन वर्षांनी माझी सांगलीला बदली झाली. तोवर दर सोमवारी ते एक नंबरच्या जागेत माझं नाव लिहीत राहिले. चौकट मात्र त्यांनी कधी स्कूटरएवढी केली नाही. टॅक्सी मावेल एवढीच ठेवली.