लाऊबाईंच्या दारातून निघताना

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये भाड्याचे घर मिळवणे हे पहिल्या कवितासंग्रहाला प्रकाशक मिळवण्याइतकेच सोपे! तरीही मी वल्लरीला ठणकावले, "हे घर आपलेच. तेवीस अर्जदारांत मालकिणीशी तिच्या भाषेत बोलणारा नवरा फक्त तुझा!"

मालकीण लाऊबाई मूळच्या हाँगकाँगच्या. रिकामे घर त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर. आमचा जुना करार महिनाअखेरीस संपत होता. म्हणून मी सहा आठवडे कँटोनीजमधली येण्याजाण्याची क्रियापदे घोटली होती. चढणे, उतरणे, शिरणे, परतणे. शेवटी 'लेय' जोडले की बोलणाऱ्याकडे येणे, 'हॉय' जोडले की दूर जाणे. माणूस कोठे उभा आहे, हे त्या भाषेला प्रत्येक वाक्यात ठाऊक असते. मला ते उभ्या आयुष्यात ठाऊक नव्हते!

ठरल्या दुपारी वल्लरीसह त्यांच्याकडे गेलो आणि माझी कँटोनीज ऐकून बाई हरखल्या. चहा झाला. "संध्याकाळी कळवते," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. निघताना मात्र माझी जीभ उंबरठ्यावर अडली. शुभकार्यात 'जातो' म्हणायचे? आईने काय शिकवले होते! मी लवून म्हणालो, "फान लेय." परत येतो!

बसथांब्यावर लाऊबाईंचा फोन आला. "आहात कुठे? दुसरा चहा ओतलाय."

"कसला चहा?" वल्लरी चक्रावली.

"शुभशकुन आहे. चल!"

चहा प्यालो. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या, मी बाईंकडे. दोन रिकाम्या फलाटांनी एकमेकांकडे गाडीची चौकशी करावी, तसे! अखेर उठलो आणि अधिकच लवून म्हणालो, "फान लेय!"

बसथांबा. फोन. चहा!

तिसऱ्यांदा वर चढताना वल्लरी जिन्यातच कडाडली, "मयुरेश, या वेळी सरळ 'जातो' म्हण!"

"असं अभद्र बोलू?"

"मग राहा इथेच!"

या वेळी दार उघडताच लाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "आल्झो... बरं, सारखं 'परत येतो' म्हणता, काही विसरलात का?"

"नाही हो! आमच्यात निघताना 'येतो' असंच म्हणतात."

"मग तुम्ही खरोखर जाता केव्हा?"

या प्रश्नाने मी आजही रात्र रात्र जागतो.

"एकाच दुपारी तीनदा आलात," बाई हळुवारपणे म्हणाल्या. "खाली राहायला आलात तर? मला भाडेकरू हवाय, पाहुणा नको."

घर बांबेर्गच्या एका घुम्या तरुणाला मिळाले. मी त्याला कँटोनीजची फुकट शिकवणी देऊ केली आहे. निदान त्या निमित्ताने घर तरी नीट पाहता येईल. तीन फेऱ्यांत आम्ही फक्त चहाच प्यालो होतो!